बीजकाचा क्रमांक

प्रस्तावना

दुकानातून बाहेर पडताना ग्राहकाच्या हाती जो कागद पडतो, त्यावरील वस्तूचे नाव, नग, दर आणि एकूण रक्कम यांकडे सर्वांचे लक्ष जाते. कोपऱ्यातील क्रमांकाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. वस्तुतः त्या कागदाला व्यवहाराचा पुरावा म्हणून जी किंमत येते, ती बऱ्याच अंशी या दुर्लक्षित क्रमांकामुळे येते. पूर्वी हा क्रमांक छापखान्यातून छापून येत असे. आज अनेक लहान व्यावसायिक आपले बीजक संगणकावर, वर्ड प्रोसेसरमध्ये तयार करतात. छापून आलेला क्रमांक चुकत नव्हता. हाताने टंकलेला क्रमांक मात्र चुकू शकतो. हे काम संगणकाकडूनच कसे करून घ्यावे, ते करताना कोणत्या चुका संभवतात आणि शेवटी माणसाकडे कोणती जबाबदारी उरते, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- बीजकाला सलग क्रमांक का आवश्यक असतो, हे सांगता येईल;
- साचा, दस्तऐवज आणि मॅक्रो या संज्ञांतील फरक स्पष्ट करता येईल;
- स्वयंचलित क्रमांकनाच्या पायऱ्या योग्य क्रमाने लिहिता येतील;
- क्रमांक गळण्याची आणि दुबार होण्याची कारणे ओळखता येतील;
- तांत्रिक विषयावर सोप्या व नेमक्या मराठीत लिहिता येईल.

१. क्रमांक कशासाठी?

व्यवहारात 'बिल' हा एकच शब्द अनेक कागदांसाठी वापरला जातो. मराठीत मात्र त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. विकलेल्या मालाचा वा केलेल्या सेवेचा तपशील आणि त्याची किंमत सांगणारा कागद म्हणजे बीजक; रक्कम हाती आल्याची कबुली देणारा कागद म्हणजे पावती. बीजक पैसे मागते, पावती पैसे पोचल्याचे सांगते. दोहोंवर क्रमांक असतो आणि दोहोंचा क्रमांक आपापल्या मालिकेतला असतो.

समजा, शेतीपंप दुरुस्त करणारी एक लहान कार्यशाळा आहे. तिच्या छापील बीजक-पुस्तकात शंभर क्रमांक आहेत. मूळ प्रत ग्राहकाला दिली जाते आणि कार्बन कागदामुळे उमटलेली स्थळप्रत पुस्तकात राहते. लिहिताना चूक झाली, तर ते पान फाडून केराच्या टोपलीत टाकले जात नाही. मूळ प्रत स्थळप्रतीला जोडून दोहोंवर 'रद्द' असा शेरा मारला जातो. ही शिस्त कशासाठी? १४७ नंतर एकदम १४९ आला, तर १४८ चे काय झाले, हा प्रश्न तपासणाऱ्याच्या मनात उभा राहतो. एखादी विक्री लपवली गेली, असा संशय त्यातून निर्माण होतो. उलटपक्षी, १४८ क्रमांकाची दोन बीजके निघाली, तर त्यांपैकी खरे कोणते, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. सलगपणा आणि एकमेवता हे क्रमांकाचे दोन गुण आहेत. पहिला विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतो, तर दुसरा ग्राहकाच्या हक्काचे रक्षण करतो.

कायद्यानेही हे दोन्ही गुण मागितले आहेत. भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या २०१७ च्या नियमावलीतील नियम ४६ प्रमाणे नोंदणीकृत व्यावसायिकाच्या कर-बीजकावर सलग अनुक्रमांक असणे आवश्यक आहे. हा क्रमांक सोळापेक्षा अधिक चिन्हांचा असू नये. त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ वापरता येतात, आणि एका आर्थिक वर्षात तो एकदाच आलेला असावा लागतो. एकाहून अधिक मालिका ठेवण्याची मुभाही हाच नियम देतो. उदाहरणार्थ, 'अ/२५-२६/०१४८' या क्रमांकात बारा चिन्हे आहेत. त्यातील 'अ' हे मालिकेचे नाव, '२५-२६' हे आर्थिक वर्ष आणि '०१४८' हा त्या वर्षातील अनुक्रम होय.

क्रमांकातील चुकीचा फटका विक्रेत्यापुरता राहत नाही. खरेदीदार व्यावसायिकाने भरलेल्या कराची वजावट त्याला पुढे मिळते. विक्रेत्याने त्या बीजकाचा तपशील आपल्या विवरणपत्रात दिलेला असावा आणि तो खरेदीदारापर्यंत पोचलेला असावा, अशी अट १ जानेवारी २०२२ पासून त्यासाठी लागू आहे. खरेदीदाराजवळच्या कागदावर १४८ आणि विवरणपत्रात १८४ असे असेल, तर नोंदी जुळत नाहीत आणि हक्काची वजावट अडकून पडते. दोन अंकांची अदलाबदल क्षुल्लक वाटते; ज्याचे पैसे अडकले, त्याला ती क्षुल्लक वाटत नाही.

*पाठगत प्रश्न १*

(अ) बीजक आणि पावती यांत काय फरक आहे?
(आ) चुकलेले पान फाडून न टाकता 'रद्द' असा शेरा का मारतात?

२. यंत्राची स्मृती आणि वहीची शिस्त

संगणक येण्यापूर्वीही क्रमांकनाचे काम यंत्र करीत असे. छापखान्यात क्रमांक छापण्याचे एक लहान यंत्र वापरले जाते. त्यात अंक कोरलेली चाके ओळीने बसवलेली असतात. एक छाप उमटला, की एककाचे चाक एका अंकाने पुढे सरकते. नऊनंतर शून्य येताना ते शेजारच्या दशकाच्या चाकालाही एक अंक पुढे ढकलते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. 'आता कितवा क्रमांक' हे कागदाला ठाऊक नसते. प्रत्येक कागद कोराच येतो. मागचा क्रमांक चाकांच्या स्थितीत साठवलेला असतो. कागद येतात आणि जातात, पण चाके आपल्या जागी राहतात.

दुसरे उदाहरण कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीचे. बाहेर जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक देताना लिपिक आधी वहीत नोंद करतो आणि मग तोच क्रमांक पत्रावर लिहितो. क्रम याच्या उलट असेल, तर घोटाळा संभवतो. पत्रावर क्रमांक टाकला, वहीत नोंद करायची राहिली आणि तेवढ्यात दुसरे पत्र आले, तर तोच क्रमांक पुन्हा दिला जातो.

क्रमांकाची स्मृती कागदाबाहेर हवी, हा क्रमांक-यंत्राचा धडा. आणि आधी वही, मग कागद, हा जावक वहीचा. संगणकावरील क्रमांकनाला हे दोन्ही धडे जसेच्या तसे लागू पडतात.

३. साचा आणि दस्तऐवज

कुंभाराच्या साच्यातून कितीही विटा काढल्या, तरी साचा तसाच राहतो. वर्ड प्रोसेसरमधील साचाही असाच असतो. कार्यशाळेचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, तक्त्याच्या रेघा, सहीची जागा असा न बदलणारा मजकूर त्यात एकदाच मांडून ठेवायचा असतो. साच्यावर दोनदा टिचकी मारली, की त्याची एक नवी प्रत 'दस्तऐवज' म्हणून उघडते. त्या प्रतीत ग्राहकाचे नाव व रक्कम भरावी आणि ती वेगळ्या नावाने जतन करावी.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत साच्याच्या फाइलीच्या नावाअखेर 'डॉट' हा शब्द असे. वर्ड २००७ पासून साच्यांचे दोन प्रकार झाले: मॅक्रो नसलेल्या साच्याला 'डॉटएक्स' आणि मॅक्रो असलेल्या साच्याला 'डॉटएम'. फाइलीत मॅक्रो साठवलेले आहेत की नाहीत, हे नुसत्या नावावरून कळावे, असा त्यामागील हेतू होता.

साच्याचा मोठा गुण हीच त्याची मर्यादाही आहे. साचा प्रत्येक वेळी अगदी सारखीच प्रत देतो. मागील प्रतीत काय लिहिले गेले, याची त्याला आठवण नसते. म्हणून साच्यात '१' हा क्रमांक लिहून ठेवला, तर प्रत्येक बीजकावर '१' हाच क्रमांक येईल. तो दर वेळी हाताने बदलता येतो खरा. पण कालचा शेवटचा क्रमांक कोणता होता, हे शोधायला जुन्या फाइली उघडाव्या लागतात, आणि गर्दीच्या वेळी नेमके तेच राहून जाते.

४. मॅक्रो म्हणजे काय?

एकामागून एक करावयाच्या कृती एका नावाखाली बांधून ठेवल्या, म्हणजे मॅक्रो तयार होतो. ते नाव उच्चारले, म्हणजेच तो मॅक्रो चालवला, की त्या सर्व कृती ठरलेल्या क्रमाने आपोआप घडतात. वर्डमध्ये पूर्वी असे मॅक्रो 'वर्डबेसिक' या भाषेत लिहिले जात. वर्ड ९७ पासून त्यांच्यासाठी 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' ही भाषा वापरली जाऊ लागली.

काही मॅक्रोंची नावे वर्डने राखून ठेवलेली आहेत. त्या नावाचा मॅक्रो साच्यात असेल, तर ठरावीक प्रसंगी तो न सांगता चालतो. साच्यावरून नवा दस्तऐवज निर्माण होताना 'ऑटोन्यू' चालतो. आधीचा दस्तऐवज उघडताना 'ऑटोओपन' चालतो. दस्तऐवज बंद होताना 'ऑटोक्लोज' चालतो. क्रमांकनाच्या दृष्टीने यांतील पहिल्या दोहोंमधला फरक फार महत्त्वाचा आहे. क्रमांक देण्याच्या सूचना चुकून 'ऑटोओपन'मध्ये लिहिल्या, तर महिन्यापूर्वीचे बीजक नुसते वाचण्यासाठी उघडले, तरी मोजणी एकाने पुढे जाईल आणि जुन्या कागदावर नवा क्रमांक चढू शकेल. बीजकाला क्रमांक जन्मताना एकदाच मिळावा. तो पुन्हा पाहिल्याने बदलता कामा नये.

*पाठगत प्रश्न २*

(अ) 'साच्याचा गुण हीच त्याची मर्यादा' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) क्रमांक देण्याच्या सूचना 'ऑटोओपन'मध्ये लिहिल्यास काय होईल?

५. क्रमांकाचे घर

साचा विसरतो आणि प्रत्येक दस्तऐवज स्वतंत्र असतो. मग शेवटचा क्रमांक ठेवायचा कोठे? क्रमांक-यंत्रातील चाकांची जागा येथे एक साधी मजकुराची फाइल घेते. ती संगणकाच्या एखाद्या ठरावीक फोल्डरमध्ये असते आणि तिच्यात अवघ्या दोन-चार ओळी असतात. एका ओळीत मालिकेचे व वर्षाचे नाव, त्यापुढे बरोबरीचे चिन्ह आणि त्यानंतर शेवटी दिलेला क्रमांक, असे तिचे स्वरूप असते. अशी फाइल वाचण्याची व तिच्यात लिहिण्याची सोय वर्डच्या मॅक्रो-भाषेत आहे. फाइल आधी नसेल, तर पहिल्या लेखनाच्या वेळी ती तयारही होते.

साच्यात क्रमांकाच्या जागी एक बुकमार्क, म्हणजे नाव दिलेली अदृश्य खूण, ठेवावा लागतो. क्रमांक नेमका कोठे लिहायचा, हे मॅक्रोला या खुणेवरून कळते. यानंतर मॅक्रोने करावयाच्या कृती अशा:

१. आजच्या तारखेवरून आर्थिक वर्ष ठरवणे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. म्हणून महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च असेल, तर वर्षाचा आरंभ मागील सनापासून धरावा.

२. मजकुराच्या फाइलीत त्या वर्षाच्या नावापुढील संख्या वाचणे.

३. तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर नवा क्रमांक १ मानणे. संख्या असेल, तर तिच्यात १ मिळवणे.

४. ही नवी संख्या लगेच फाइलीत लिहून ठेवणे.

५. संख्या चार अंकी करून, म्हणजे ७ असल्यास ०००७ अशी, तिच्याआधी मालिका व वर्ष जोडणे आणि खुणेच्या जागी साध्या मजकुराच्या रूपात लिहिणे.

६. क्रमांकाचेच नाव देऊन दस्तऐवज ताबडतोब जतन करणे. फाइलीच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. तेथे आडवी रेघ घालावी.

वर्षाच्या नावानेच संख्या साठवल्यामुळे एक सोय आपोआप होते. १ एप्रिलच्या सकाळी नव्या वर्षाच्या नावापुढे काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे मोजणी १ पासून सुरू होते. कोणालाही आठवण ठेवून काही बदलावे लागत नाही.

चौथी आणि पाचवी पायरी यांचा क्रम मात्र काळजीपूर्वक पाळला पाहिजे. समजा, क्रमांक दिला जात असतानाच वीज गेली. कागदावर आधी १४८ लिहिला गेला आणि फाइलीत मात्र १४७ च राहिला, तर वीज आल्यावर पुढील ग्राहकालाही १४८ हाच क्रमांक मिळेल. याउलट, फाइलीत आधी १४८ लिहिला गेला आणि कागद अपुरा राहिला, तर पुढील क्रमांक १४९ येईल आणि १४८ रिकामा जाईल. चूक दोन्हीकडे आहे. पण दोहोंचे मोल सारखे नाही. रिकामा क्रमांक 'रद्द' म्हणून नोंदवता येतो आणि त्याचे कारण सांगता येते. दोन ग्राहकांच्या हाती गेलेला एकच क्रमांक परत घेता येत नाही. जावक लिपिकाची 'आधी वही, मग पत्र' ही जुनी रीत किती विचारपूर्वक घडली होती, हे येथे लक्षात येते.

६. क्रमांक कोठे घसरतो?

*अपुरे राहिलेले व्यवहार.* नवा दस्तऐवज उघडताच क्रमांक मिळत असेल, तर ग्राहकाने केवळ किंमत विचारून पाठ फिरवली, तरी एक क्रमांक खर्ची पडतो. असे वारंवार घडत असेल, तर दस्तऐवज उघडताना क्रमांक देऊच नये. सर्व तपशील भरून झाल्यावर 'क्रमांक द्या' अशा बटणाने मॅक्रो चालवावा. मात्र बटण दोनदा दाबले जाण्याची भीती असते. म्हणून क्रमांकाची जागा रिकामी आहे ना, हे मॅक्रोने आधी तपासावे. तेथे क्रमांक असेल, तर काहीही न करता थांबावे.

*बदलणारी तारीख.* वर्डमध्ये तारखेचे एक क्षेत्र असे आहे, की ते अद्ययावत होताना त्या दिवसाची तारीख दाखवते. ते बीजकात वापरले, तर एप्रिलमधील बीजक ऑगस्टमध्ये उघडून छापताना त्यावर ऑगस्टची तारीख उमटू शकते. क्रमांक जुना आणि तारीख नवी, असा हा विसंगत कागद होतो. त्यासाठी तारीखही क्रमांकाप्रमाणे साध्या मजकुरात लिहून घ्यावी किंवा दस्तऐवजाच्या निर्मितीची तारीख दाखवणारे क्षेत्र वापरावे.

*दोन संगणक.* कार्यशाळेत दोन ठिकाणी बीजके होत असतील आणि दोन्ही संगणकांवर वेगवेगळी मोजणी-फाइल असेल, तर प्रत्येक क्रमांक दुबार होणार, हे उघड आहे. फाइल सामाईक ठेवली, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. दोघांनी एकाच क्षणी १४७ वाचला, तर दोघेही १४८ देतील. एकजण वाचून लिहीत असेपर्यंत दुसऱ्यासाठी फाइल बंद ठेवणे, हा यावरील तांत्रिक उपाय आहे. त्याहून सोपा उपाय नियमानेच सुचवला आहे: एका संगणकाला 'अ' मालिका द्यावी, दुसऱ्याला 'ब'. दोन काउंटरवर दोन बीजक-पुस्तके ठेवण्याची जुनी पद्धत हीच होती.

*हरवलेली स्मृती.* संगणक बिघडला, त्याची दुरुस्ती झाली आणि मोजणीची फाइल मात्र पुसली गेली. तिच्यात काहीच नसल्याने मॅक्रो निर्धास्तपणे पुन्हा १ पासून सुरुवात करील. यंत्राला भूल पडली आहे, हे यंत्राला कळत नाही. म्हणून दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. मोजणीच्या फाइलीची व बीजकांची प्रत रोज दुसरीकडे जतन करावी. आणि त्याच क्रमांकाची फाइल आधीच अस्तित्वात असेल, तर तिच्यावर न लिहिता इशारा देऊन थांबावे, अशी सूचना मॅक्रोत घालावी.

*पाठगत प्रश्न ३*

(अ) वीज गेल्याच्या उदाहरणात रिकाम्या क्रमांकापेक्षा दुबार क्रमांक अधिक गंभीर का ठरतो?
(आ) दोन संगणकांसाठी दोन मालिका ठेवल्याने कोणता धोका टळतो?

७. मॅक्रो आणि सावधगिरी

मॅक्रो न सांगता चालतो, ही त्याची सोय. आणि तोच त्याचा धोकाही. दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलीतील मॅक्रो काय करील, हे फाइल पाहून कळत नाही. १९९५ साली 'कॉन्सेप्ट' नावाचा मॅक्रो-विषाणू वर्डच्या दस्तऐवजांतून पसरला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा विषाणू ई-मेलने आला. संक्रमित दस्तऐवज उघडताच तो वापरणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत धाडत असे. अशा अनुभवांमुळे मॅक्रोंवरील निर्बंध हळूहळू कडक होत गेले. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूळ मांडणीतच अडवण्यास मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली.

यावरून मॅक्रो वापरू नयेत, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. स्वतः लिहिलेला किंवा विश्वासू जाणकाराने समोर बसून समजावून दिलेला मॅक्रो वापरावा. तो विश्वासार्ह म्हणून नेमलेल्या एका फोल्डरमध्येच ठेवावा. कोणीतरी फुकट पाठवलेला तयार साचा मॅक्रोसह उघडण्याचा मोह टाळावा. 'सर्व मॅक्रोंना परवानगी' हा पर्याय निवडणे म्हणजे एका पाहुण्यासाठी घराचे दार रात्रंदिवस सताड उघडे ठेवणे होय.

८. माणसाचे काम

यंत्र मोजते; मोजलेल्याचा अर्थ माणूस सांगतो. एखादे बीजक चुकले, तर ती फाइल पुसून त्याच क्रमांकाने दुसरी तयार करणे संगणकावर फार सोपे असते. छापील पुस्तकातील पान फाडले, तर त्याचा उरलेला तुकडा तरी साक्ष देत असे. पुसलेली फाइल असा तुकडा मागे ठेवत नाही. म्हणून संगणकावर शिस्तीची गरज कमी न होता वाढते. चुकलेले बीजक 'रद्द' अशा शेऱ्यासह जपून ठेवावे. ग्राहकाच्या हाती गेलेल्या बीजकात रक्कम जास्त लागली असेल, तर कायद्याने सांगितलेले जमापत्र द्यावे. मूळ बीजक गुपचूप बदलू नये.

विक्रीच्या विवरणपत्रातही ही शिस्त अपेक्षित आहे. 'जीएसटीआर-१' या विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात त्या काळातील पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण संख्या, रद्द केलेली संख्या आणि प्रत्यक्ष दिलेली संख्या असा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे रद्द होणे हा अपराध नव्हे, त्याला स्वतंत्र रकाना आहे. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून बहात्तर महिने जपावी लागतात. इतक्या काळात संगणक बदलतो, वर्डची आवृत्ती बदलते, मॅक्रो लिहिणारा नोकरी सोडून जातो. म्हणून क्रमांक, तारीख, ग्राहक आणि रक्कम एवढी एक ओळ दररोज नोंदवहीत लिहावी. यंत्र बंद पडले, तरी वहीवरून काम पुढे चालू ठेवता येते.

व्यवसाय वाढला, की हा साधा साचा अपुरा पडू लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून, काही अपवाद सोडल्यास, ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांच्या वर गेली आहे, त्यांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेले बीजक शासकीय संकेतस्थळावर नोंदवून त्याची ओळखसंख्या मिळवावी लागते. ही ओळखसंख्या विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, कागदाचा प्रकार, आर्थिक वर्ष आणि बीजकाचा क्रमांक यांपासून बनते. व्यवस्था कितीही मोठी झाली, तरी तिच्या पायाशी कार्यशाळेने दिलेला तो चार अंकी अनुक्रम असतोच.

पंप दुरुस्त करून घेतलेला शेतकरी वर्षभराने कार्यशाळेत परत येतो आणि घडी घातलेला, तेलाचे डाग पडलेला कागद पुढे करतो. त्यावरील १४८ या क्रमांकाची फाइल काही क्षणांत उघडते. तीच तारीख, तेच सुटे भाग, तीच रक्कम दोघांसमोर येते आणि वाद घालायला जागाच उरत नाही.

सारांश

- बीजकाचा क्रमांक सलग आणि एका आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो.
- साच्याला मागील क्रमांक आठवत नाही. म्हणून मोजणी वेगळ्या फाइलीत ठेवावी लागते.
- मोजणी आधी लिहावी, कागदावर क्रमांक नंतर टाकावा.
- क्रमांक नवा दस्तऐवज करताना किंवा तो पूर्ण झाल्यावर एकदाच द्यावा. जुना दस्तऐवज उघडताना देऊ नये.
- चुकलेले बीजक पुसू नये, 'रद्द' म्हणून जपावे.
- अनोळखी फाइलीतील मॅक्रो चालवू नयेत.

शब्दार्थ

बीजक – विकलेल्या मालाचा वा सेवेचा किमतीसह तपशील देणारा कागद
स्थळप्रत – देणाऱ्याजवळ राहणारी प्रत
जावक क्रमांक – कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राचा क्रमांक
साचा – ज्यावरून अनेक सारख्या प्रती काढता येतात, ती मूळ मांडणी
जमापत्र – जास्त आकारलेली रक्कम ग्राहकाच्या खाती जमा केल्याचे सांगणारा कागद
सताड – पूर्णपणे उघडे

पाठान्त प्रश्न

१. क्रमांक-यंत्र आणि जावक नोंदवही यांच्यापासून मिळणारे दोन धडे तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'यंत्र मोजते, मोजलेल्याचा अर्थ माणूस सांगतो' या विधानाची सत्यता पाठाच्या आधारे पटवून द्या.
३. ३१ मार्चची संध्याकाळ आणि १ एप्रिलची सकाळ या दोन वेळी मॅक्रो कोणता क्रमांक देईल, ते कारणासह सांगा.
४. तुमच्या घरातील कोणतीही तीन बीजके पाहा. त्यांवरील क्रमांकांची रचना कशी आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानदाराला स्वयंचलित क्रमांकनाचे फायदे व धोके समजावून सांगणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बीजक मालाचा तपशील देऊन किंमत मागते. पावती रक्कम मिळाल्याची कबुली देते. (आ) क्रमांकाची सलगता टिकावी आणि विक्री लपवल्याचा संशय येऊ नये म्हणून.

२. (अ) साचा दर वेळी सारखीच प्रत देतो. म्हणूनच मागील क्रमांक तो लक्षात ठेवू शकत नाही. (आ) जुने बीजक उघडताच मोजणी पुढे जाईल आणि त्याचा क्रमांक बदलू शकेल.

३. (अ) रिकामा क्रमांक रद्द म्हणून नोंदवता येतो; दोन ग्राहकांकडे गेलेला क्रमांक परत घेता येत नाही. (आ) एकाच वेळी दोन बीजकांना एकच क्रमांक मिळण्याचा.